दुर्बिणीत बसवलेला बल्ब

भास्करमामाला जाऊन दीड महिना होईल. सकाळी कोपरीहून त्याच्या शेजारणीचा फोन आला, "नीलिमा, तुझे मामा उठत नाहीयेत गं..." आणि मी डोंबिवलीहून तशीच निघाले. पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेलेले. त्या दिवशी नुसतं रडू आलं. शिसारी आली ती नंतर, शोकसभेत. ती अजून गेलेली नाही.

मामा सरकारी मोजणी खात्यात होता. ठाणे-कल्याण पट्ट्यातली शेतं मोजण्यात त्याची उमर गेली. लग्न केलं नाही. कचेऱ्यांतून जुनी उपकरणं भंगारात निघत, ती तो रीतसर अर्ज करून घरी आणी. दोनपैकी एक खोली त्यांनीच भरलेली. सुट्टीत मी राहायला गेले की तो तेहतीस फुटी लोखंडी साखळी गॅलरीत पसरायचा. तिचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणायचं. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. "शेतकरी बांधावर उभा राहून स्वतः मोजू शकायचा," तो सांगे. पण ओढून ओढून साखळी लांबते, आणि लांबलेल्या साखळीने मोजलं की शेत कागदावर लहान होतं. म्हणून तो दर मोसमाआधी साखळी तपासून घेई. न तपासणाऱ्यांसाठी त्याच्याकडे एकच शब्द होता, चोर. साखळीनंतर तिवईवरचा लाकडी फळा आला. त्यावर नकाशा शेतातच उभं राहून काढायचा. आणि कोन मोजायला पितळी दुर्बीण, थिओडोलाइट. तिच्या आत नेम धरायला जी फुली असते, ती पूर्वी कोळ्याच्या धाग्याची असायची. मामाच्या दुर्बिणीतली तुटली होती. त्याने मोरीतला कोळी काडीवर घेतला, हळूच झटकला, आणि तो ज्या धाग्यावरून खाली उतरला तो धागा बारीक कड्यावर ताणून लाखेने चिकटवला. दोन रविवार गेले त्यात. मग मला म्हणाला, "बघ." त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसे; पाण्याची टाकीही उलटी होती, आणि फुली बरोबर तिच्या मधोमध.

मामाची बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार असं ठरलं तेव्हा हे सगळं न्यायचं कुठे, असा प्रश्न आला. माझ्या फ्लॅटमध्ये मला ते नको होतं, हे आता लिहून टाकते. कल्याणच्या बाहेर एक खासगी इंजिनीअरिंग कॉलेज मीच शोधलं. प्राचार्य म्हणाले, संग्रहालय करू. शाल, नारळ, फोटो झाले. मामाने प्रत्येक उपकरणाचा इतिहास एकेका कार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. देणगीच्या कागदावर त्याच्या सहीखाली सही माझी.

वर्षभराने तो म्हणाला, "एकदा बघून येऊ या." संग्रहालय नव्हतंच. स्वागतकक्षाच्या भिंतीवर साखळी सोनेरी रंग मारून तोरणासारखी लटकवली होती. फळ्यावर प्लास्टिकची फुलं. आणि दुर्बीण... तिला भोक पाडून वायर आत घातली होती, भिंगाच्या जागी पिवळा बल्ब.

"यातला धागा?" मामाने विचारलं.

"कसला धागा, काका?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. कार्डं साफसफाईत गेली असतील, असंही तिने सांगितलं.

मामा वाकला, दुर्बिणीच्या पायाचे तीन स्क्रू एकेक करून फिरवले, पातळी दाखवणारा नळीतला बुडबुडा मध्यावर आणला. "निदान लेव्हलला ठेवत जा," म्हणाला. रिक्षात बसल्यावर त्याने विचारलं, "नीलू, तुला माहीत होतं?"

मी नाही म्हटलं. खरं तर त्या दिव्याचा फोटो प्राचार्यांनी मला सहा महिन्यांपूर्वीच पाठवला होता. ऑफिसच्या गडबडीत मी त्यावर 'छान'चा अंगठा पाठवून दिला होता.

त्यानंतर महिन्याभरातच तो गेला. शोकसभेला प्राचार्य भलामोठा हार घेऊन आले. माईक हातात घेऊन म्हणाले, "सरांचा वारसा आम्ही जपलाय. त्यांचा प्रकाश आमच्या स्वागतकक्षात रोज पसरतो." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून म्हणाले, "तो बल्ब आहे. दुर्बीण फोडून बसवलेला. तुम्ही मला फोटो पाठवलात आणि मी छान म्हटलं. आपण दोघांनी मिळून केलंय हे. वारसा म्हणू नका."

"तुमच्या भावना समजू शकतो, मॅडम," ते म्हणाले, आणि शांतपणे चहा घ्यायला गेले. वस्तू परत मागितल्या, तर संस्थेची मालमत्ता आहे असं उत्तर आलं. खाली माझ्याच सहीची झेरॉक्स.

गेल्या रविवारी कोपरीला मामाची खोली मोजायला बिल्डरचा माणूस आला. हातात लेझरचं यंत्र. एका भिंतीला टेकवलं, बटण दाबलं, आकडा लिहिला. मामा कुठलीही रेघ एकदा मोजून थांबत नसे. दुसऱ्यांदा उलट्या टोकाकडून मोजायचा, घरातला पडदा असला तरी.

"आता त्या बाजूने घ्या," मी म्हटलं.

"मॅडम, मशीन आहे. चुकत नाही."

"तरी घ्या."

तो नाइलाजाने समोरच्या भिंतीशी गेला. आकडा अडीच इंचांनी वाढला. त्याने पुन्हा घेतला, तोच आला. मग पाहिलं तर पहिल्या वेळी किरण भिंतीवर न पडता खिडकीच्या चौकटीवर पडला होता. त्याने कागदावरचा आधीचा आकडा खोडला.