त्याला जास्त

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला आणि एक मुलगी रडत म्हणाली, “काका, बाबा गेले... दवाखान्यातून बोलतेय...” रडणं, दवाखाना, अनोळखी नंबर. फसवणुकीचे फोन असेच येतात, हे आमच्या पतसंस्थेच्या सभांमध्ये मी इतक्यांदा ऐकलं होतं, की मी सरळ फोन कापला. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा तिनं माझ्या बोलण्याची वाटच पाहिली नाही. “काका, कापू नका. तुमचा गोळा सांगते. त्याला जास्त.” मग मात्र मी फोन कापला नाही. ती विलासची प्रज्ञा होती. विलास, माझा पहिलीपासूनचा मित्र, गेला होता. आणि माझ्या घरचा शब्द त्याच्या घरात ठाऊक होता, हे त्या क्षणीही मला खुपलं. ते इथं लिहिलं नाही, तर पुढचं सगळं खोटं होईल.

विलास दौंडला रेल्वेत गार्ड होता, मी तिथल्याच एका शाळेत हेडक्लार्क. दोघंही गावातल्या एका छोट्या पतसंस्थेचे संचालक, मी खजिनदार. मी आल्यापासून ऑडिटरनं एकही शेरा मारलेला नाही. त्याबद्दल मला कधी कुणी हार घातला नाही, आणि घालावा अशी अपेक्षाही नव्हती. निदान विलासला घालेपर्यंत तरी नव्हती. झालं असं, की आमच्या दोन निवृत्त सभासदांची आयुष्याची पुंजी एका फोनवर गेली. त्यानंतरच्या बैठकीत विलास म्हणाला, “दरसाल नफ्यातले पन्नास हजार बाजूला काढू. फसवणूक रोखायच्या नव्या नव्या गोष्टी करून बघायला.”

“यातून मिळणार काय?” मी विचारलं.

“ठाऊक न्हाई. ठाऊक असतं तर करून कशाला बघितलं असतं?”

“आणि पैसे वाया गेले तर?”

“जातील की. अरुण्या, तिकडं चोर रोज नवीन डोकं लढवतोय. त्याची धा डोकी वाया जात्यात तवा एक चालतंय. आपन एकपन वाया घालवायचं न्हाई म्हणतोय.”

सगळे हसले आणि ठराव झाला. विरोधात एकच हात होता, माझा.

पहिला प्रयोग साफ फसला. विलासनं स्वतःच बँकेचा साहेब बनून सभासदांना हिंदीत फोन लावले. कोण भुलतं ते बघायला. यवतच्या रखमाआत्यांनी दोन वाक्यं ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “विलास, तुझं हिंदी अजून तसंच हाय की रं. जेवलास का?” ही गोष्ट तालुकाभर झाली. मला वाटलं, आता तोंड लपवेल. तो वार्षिक सभेत स्वतःच ती रंगवून सांगत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्याच सभेत माझा ताळेबंद वाचून झाला तेव्हा निम्मे लोक भजी खायला उठले होते.

दुसरा प्रयोग चहाचा. मुदतीआधी ठेव मोडायला कुणी घाईनं आला, की त्याला आधी बसवायचं, चहा द्यायचा आणि घरची विचारपूस करायची. मी चहाच्या बिलांवर कुरकुरत राहिलो. एक दिवस रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे एक निवृत्त पॉइंट्समन आले, घामाघूम. अर्धा कप झाल्यावर हळूच म्हणाले, “खिशात फोन चालू हाय. पोलीस म्हनत्यात, कुनाला सांगू नको...” त्यांची ठेव वाचली. हार आला तो तेव्हा. विलासच्या गळ्यात.

आणि मग गोळा. पूर्वी एकेरी लाईनवर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनकडे निघत नसे. ड्रायव्हर कितीही ओळखीचा असो, गोळा नाही तर गाडी नाही. विलासचे वडील स्टेशनवर तो गोळा देण्याच्या कामावर होते. विलासनं तेच घराघरांत आणलं. फोनवर आवाज ओळखीचा वाटला तरी पैशाची गोष्ट निघाली, की घरचा ठरलेला शब्द विचारायचा. गाडीला भोंगा लावून तो गावोगाव सांगत फिरला. “अभिमानाचा शब्द घेऊ नगा. देव, पोरांची नावं, जल्मतारीख चोराला म्हाईत असत्यात. लाज वाटंल असा घ्या.”

राहू या आमच्या गावी माझ्या आईकडे तो गेला तेव्हा मी सोबत गेलो नाही. माझ्या आईशी बोलायला मला शब्द लागत नाही, म्हणालो.

पुढे शिरूरला एका साखरपुड्याला गेलो असताना स्टँडवर माझा फोन आणि पाकीट दोन्ही गेलं. पानटपरीवाल्याच्या फोनवरून आईला लावला. तिच्याशिवाय दुसरा नंबर पाठ नव्हता. म्हटलं, शेजारच्या दुकानदाराला या नंबरवर पाचशे रुपये पाठवायला सांग.

“गोळा सांग,” आई म्हणाली.

“कसला गोळा? अगं, मी अरुण.”

“आवाज तर हुबेहूब काढलायस, मुडद्या,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही.

तासाभरानं त्याच टपरीसमोर विलासची मोटरसायकल थांबली. आईनं त्याला फोन करून टपरीचा नंबर दिला होता. आपला मुलगा अडचणीत आहे की चोर बोलतोय, हे ठरवायला तिनं त्याला विचारलं. आई फसली नाही याचा मला आनंद व्हायला हवा होता... तो झाला नाही. विलासनं हसत हसत आपला फोन माझ्या हातात दिला. “आईला लाव. आन् म्हन, त्याला जास्त.”

लहानपणी मे महिन्यात विलास आमच्याकडे राहूला यायचा. आई आमरस वाढायची. मी दोन्ही वाट्या शेजारी शेजारी धरून बघायचो आणि रडायचो, “त्याला जास्त!” आईनं घरचा शब्द म्हणून नेमका हाच निवडला होता. तो शब्द मी शिरूरच्या स्टँडवर, टपरीवाल्यासमोर, विलासकडे बघत उच्चारला. वार्षिक अहवालात त्यानं ‘प्रयोग यशस्वी’ असं लिहिलं. नाव घातलं नाही, पण नावाची गरजही कुणाला पडली नाही.

गेल्या आठवड्यात संचालकांची बैठक झाली. विलासची खुर्ची रिकामी होती; चहा मात्र सवयीनं तिच्यासमोरही ठेवला गेला. त्याच्या आठवणीसाठी प्रयोगांची रक्कम पन्नास हजारांवरून एक लाख करावी, असं कुणीतरी सुचवलं. चर्चा झाली नाही. मीही हात वर केला. तो हात वर असतानासुद्धा मनात आलं, की मी गेलो तर ही माणसं कशाची रक्कम दुप्पट करतील?

संध्याकाळी आईला फोन लावला. हल्ली पैशाचं बोलणं नसलं तरी ती आधी गोळा विचारते.

“त्याला जास्त,” मी म्हणालो.

रोज ती लगेच दुसऱ्या विषयावर जाते. त्या दिवशी मी आधीच विचारलं.

“आई, शब्द बदलायचा का आता?”

“नगं.” मग म्हणाली, “खरंच वाढायची रं मी त्याला जास्त. तू मागून घ्यायचास. तो कवा मागायचा न्हाई.”

म्हणजे माझं माप बरोबर होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी ते मान्य केलं... आणि मला सगळ्यात आधी ज्याला सांगावंसं वाटलं, त्याचा नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही.