मलमाखालचं नाक

नोलीन हॅनिगननं आमच्या किनाऱ्यावरच्या दोन पिढ्यांना लाटांत पोहायला शिकवलं. मीही त्यातलीच. पुढे ब्रिस्बेनला साहित्य शिकले, परत आले आणि रविवारी सकाळी तिच्या हाताखाली मुलांना शिकवू लागले. ती माझ्या आजीच्या वयाची. पण मैत्रीण म्हणाल तर मला तीच.

किनाऱ्यावरच्या आमच्या पोहण्याच्या क्लबात तिनं एक रीत पाडली होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी जोड्या लावून एकमेकांची कातडी तपासायची. पाठ, मान, कानांच्या मागे. नवा डाग किंवा न भरणारा फोड दिसला, तर डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय वाळूवर पाय ठेवायचा नाही. आमच्या ऑस्ट्रेलियाच्या उन्हात कातडीचा कर्करोग घरोघरी. लवकर सापडला तर कापतात, टाके घालतात, माणूस दुपारी घरी. नोलीनच्या कानाचं टोक असंच गेलेलं. "डॉक्टर मला हप्त्याहप्त्यानं नेतोय," ती म्हणायची. डार्सी नावाच्या आडदांड प्लंबरच्या मानेवरचा काळा डाग तिनंच हेरला. तो कुरकुरला, तर म्हणाली, "रुसायचंय ना, मग डॉक्टरच्या दारात बसून रूस." तो वाचला.

तिची जोडी माझ्याशी. तिची पाठ मी दर हंगामाला पाहिली. नाक कधी पाहिलं नाही. नाकावर पांढऱ्या मलमाचा जाड थर असायचा, आणि तो आमच्यात सगळ्यांच्याच नाकावर असतो. उन्हापासून जपणारी गोष्ट कोण पुसायला लावणार?

यंदा फेब्रुवारीत एका लाटेनं तिला तोंडावर आपटलं. उठली तेव्हा मलम धुऊन गेलं होतं. नाकाच्या कडेला एक व्रण होता, डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकत गेलेला. मध्ये खड्डा, कडा मोत्यासारख्या चकचकीत. तिनं टॉवेल तोंडाला धरला आणि शिंपल्यानं कापलं म्हणाली.

मी ते मानलं नाही. तिला ब्रिस्बेनच्या सर्जनकडे घेऊन निघाले. गाडीत विचारलं, कधीपासून.

"दोन वर्षं."

मी रस्त्याकडे बघत राहिले. ती सांगत होती. आधी मसुराएवढं होतं. स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. त्या झाल्यावर जाऊ म्हणाली. मग वाढलं, आणि मग लाज वाटली. जगाला दटावणारी नोलीन, आता कोणत्या तोंडानं सांगणार?

"मी दर वेळी तुझ्यासमोर उभी होते," मी म्हणाले.

"म्हणून तर जाड लावायचे, पोरी."

सर्जननं तोच प्रश्न विचारला. नोलीन शांतपणे म्हणाली, "सहा महिने."

"दोन वर्षं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तशी ती कधीच कुणाकडे पाहत नसे.

सर्जननं लिहिणं थांबवलं. हा कर्करोग शरीरभर सहसा पसरत नाही, पण असतो तिथं खात जातो, म्हणाले. इतके दिवस मिळाले असतील तर डोळ्याच्या खोबणीत उतरला असू शकतो. आधी स्कॅन, आणि शस्त्रक्रियेला डोळ्यांचे सर्जनही हजर. डोळा राहील का, ते कापल्यावरच कळणार होतं.

स्कॅनमध्ये हाड शाबूत निघालं. शस्त्रक्रियेच्या दिवशी जागा बधिर करून एक थर काढला. तो तिथंच सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. तोवर ती पट्टी लावून माझ्या शेजारी बाकावर बसली. कड साफ नव्हती, रोग अजून आत उरला होता. पुन्हा आत. पुन्हा बाक. समोर गालाला पट्टी लावलेला एक म्हातारा होता. त्यानं विचारलं, काय, अर्धी उरलीस का? एरवी नोलीननं त्याला सोडला नसता. आज ती पट्टीची कड दाबून बसवत राहिली. डोळ्याकडची कड शेवटच्या थराला साफ आली.

डोळा वाचला. नाकाची एक बाजू गेली. तिथं कपाळाची कातडी वळवून शिवली. टाके काढल्यावर मी तिला घरी सोडलं. दारात ती थांबली.

"तू सांगितलंस ते बरोबर होतं," ती म्हणाली. "पण मला विचारून सांगायचं होतंस."

"तू दोन वर्षं लपवलंस, तेव्हा मला विचारलं होतंस?"

ती बराच वेळ किल्ली शोधत होती.

"काही दिवस येऊ नकोस," ती म्हणाली.

मी येणारच नव्हते. ते तिला सांगितलं नाही. रविवारी मुलांनी विचारलं, नोलीन कुठंय. मी म्हणाले, नाक कापलंय, दोन वर्षं लपवलं म्हणून. आणि त्यांना पाण्यात उतरवलं.