झाकणावरचं साल

शब्बीर मास्तरांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात मीही दोन पानं लिहावीत असा मंडळींचा निरोप आला, तेव्हा मी आधी हसले आणि मग दिवसभर नुसती आनंदात फिरले. मी तिसरीपर्यंत शिकलेली. पण मास्तरांबद्दल लिहायचं तर ते माझ्याशिवाय पुरं होणार नाही, हे मीच सांगते. दुसरं कोण सांगणार?

मास्तर अमरावतीला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवीत. त्यांचे वडील अकोल्यात पेट्या दुरुस्त करायचे, म्हणजे वाजवायच्या पेट्या, कपड्यांच्या नव्हेत. मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी ठरवलं की आपल्या वऱ्हाडात गावोगावच्या भजनी मंडळांकडे ज्या जुन्या पेट्या आहेत त्यांची इंटरनेटवर एक कालरेषा करायची. कोणत्या घडणीची पेटी कोणत्या साली आली, ते एका रांगेत. साठीच्या वयात ते कॉम्प्युटर शिकले. आमच्याकडचे निवृत्त लोक पारावर बसतात.

आमच्या गावात, चांदूर बाजारच्या पलीकडे, ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना भंगारवाले समजले. ते दिवसच तसे होते. सलग चार वर्षं कापूस हाती लागला नव्हता, भजनं बंद पडत होती, आणि पेटीतल्या पितळी सूरपट्ट्यांसाठी भंगारवाले दारोदार फिरत. आमच्या मंडळाची पेटी मी वाजवायची, म्हणून ती माझ्याच घरी असे. मी दारातूनच म्हटलं, "पेटी इकाची नाही मले."

"इकत घ्याले नाही आलो, बाई. फोटो पाह्यजे तिचा."

"फोटो कावून? लगन जमवाचं हाये का तिचं?"

"जमवाचंच समजा. घरानं पाहून राहिलो."

आता अशा माणसाला चहा न पाजून कसं चालेल? चहा होईस्तोवर त्यांनी पेटी उघडली. भात्याला उंदरानं भोक पाडलं होतं. त्यांनी पिशवीतून चामड्याचा तुकडा काढून तिथंच चिकटवला. पैशाचं नावही काढू दिलं नाही. मग एकेक पट्टी दाबून तिचा आवाज फोनमध्ये भरून घेतला, आणि मला म्हणाले, "सा थोडा रडका हाये, पन खरा हाये." माझ्या सासूबाईंचा आवाजही तसाच होता. सासूबाईंबद्दल लिहायला बसले तर पुस्तक त्यांचंच होईल, म्हणून राहू द्या.

पुढं वर्षभरानं मास्तरांनी मला अमरावतीला घरी बोलावलं. रांग तयार झाली होती. पडद्यावर बोट सरकवलं की सालं सरकत, पेटीवर बोट ठेवलं की तिचं चित्र मोठं होई आणि तिचा आवाज येई. मी लहान पोरीसारखी बोटं फिरवत होते. मास्तर फार खुशीत होते. म्हणाले, "लोक म्हनतात पेटी मेली. हे अलीकडचे साल पाहा बाई, कितीक नव्या पेट्या आल्या!" खरंच, त्या सालांवर पेट्यांची नुसती गर्दी होती.

त्या गर्दीत आमची पेटी दिसली. मी साल वाचलं आणि माझं बोट तिथंच थांबलं.

"मास्तर, हे पेटीचं साल नोहे. हे माह्या सुरेशचं साल होय."

आमच्याकडची रीत मास्तरांच्या ध्यानी आली नव्हती; झाकणावरचं साल त्यांनी पेटीच्या घडणीचं धरलं होतं. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं मंडळाला पेटी देतात, आणि झाकणावर रंगानं नाव आणि साल घालतात. नवी घ्यायची ऐपत नसली तर मंडळातलीच जुनी पेटी रंगवून, नवं नाव घालून पुन्हा देतात. मंडळही नाही म्हणत नाही. आमच्या पेटीवर आधी सासऱ्यांचं नाव होतं. त्यावर रंग देऊन सुरेशचं घातलं. सुरेश माझा धाकटा. चौतीस वर्षांचा होता. त्यानं आपल्या हातानं जीव दिला. शेत पुढं विकलं गेलं, घराला रंग दिला तेव्हा दारावरचं नाव झाकलं गेलं, त्याचं नाव लिहिलेली तेवढी एकच जागा उरली.

मास्तरांनी मग पडद्यावर दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. झाकणावरची नावं मी वाचत गेले. वय लिहिलं होतं तिथं वयही वाचलं. अठ्ठावीस. एकतीस. तीस. त्या सालांत नव्या पेट्या आल्याच नव्हत्या, माणसं गेली होती. मास्तर डोक्याला हात लावून बसले. त्यांच्या बेगम चहा घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. मास्तरांनी त्याच दिवशी ती रांग इंटरनेटवरून उतरवली. चूक झाकून ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून हे लिहून ठेवते.

खरं साल कंपनीच्या ठशावर असतं आणि ठसा रंगाखाली. कामात मदत करणारे शहरातले एक जाणकार गृहस्थ म्हणाले की रंग पुसायचं औषध मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे. हे मला कळलं तशी मी एसटी पकडून अमरावती गाठली. दारातच म्हटलं, "पुसाचं असन तर आमची पेटी काढून टाका तुमच्या रांगेतून."

मास्तर म्हणाले, "बसा तर खरं. कोन पुसून राहिलं? माह्या हातानं मी कोनाच्या पोराचं नाव पुसन काय?"

आणि ते पुन्हा गावोगाव निघाले. प्रत्येक पेटी आतून उघडायची, लाकूड, खिळे, कारागिरानं आत कोरलेली खूण पाहायची, दुसरीशी ताडायची. तीन वर्षं गेली. पण त्या तीन वर्षांत कितीतरी पेट्या भंगारात गेल्या होत्या, मंडळं मोडली होती, काही घरांना कुलपं होती. परतीच्या वाटेवर मास्तर माझ्या दारी थांबून पाणी मागत. हाती न लागलेल्या पेट्यांपुढं त्यांनी लिहिलं, 'साल कळले नाही'. अंदाजानं एकही साल घातलं नाही.

आता रांग पुन्हा उभी आहे. आमची पेटी माझ्याहून म्हातारी निघाली, ती पार मागं गेली. तिच्या चित्राखाली सासऱ्यांचं नाव आहे, सुरेशचं आहे. आणि ती गर्दीची सालं रिकामी आहेत. तिथं बोट ठेवलं तर काही उघडत नाही, काही वाजत नाही. आमच्या मंडळात आता तिघी उरलो. माझी बोटं वाकत नाहीत, आणि पेटी शिकायला कुणी येत नाही. मास्तरांनी एवढं केलं म्हणून काही परत आलं असं मी खोटं लिहिणार नाही.

मी मास्तरांपेक्षा तीन वर्षांनी मोठी, तेव्हा आशीर्वादाचा हक्क माझा. मास्तरांचे कान असेच राहोत, गुडघे धारणीच्या डोंगरातल्या रस्त्यांना पुरून उरोत, बेगमसाहेबांच्या हातची भाकरी त्यांना खूप वर्षं गोड लागो. आणि एक ताकीद. त्या सालांत आमच्याकडे लहानांनी मोठ्यांच्या आधी जायची वाईट सवय लावून घेतली. मास्तर, तुम्ही माझ्याहून लहान आहात. आपला नंबर सोडून पुढं जायचं नाही.