लिफ्टदादाचे बारा मजली घड्याळ

जीभ सोयीचे बोलते आणि डोळे सोयीचे पाहतात. हाताला मात्र परमेश्वराने ही लबाडी दिलेली नाही. हात जे करतो ते तिथेच लिहून ठेवतो, आणि ज्याला वाचता येते तो ते वाचतो. ज्याची ही कथा, त्याला हे चौसष्टाव्या वर्षापर्यंत उमगले नव्हते. उमगले तेव्हा तीनशे माणसांसमोर, भल्यामोठ्या पडद्यावर, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उमगले.

गल्ली त्याला लिफ्टदादा म्हणे. एकतीस वर्षे त्याने उंच इमारतींच्या पोटातल्या त्या चौकोनी अंधारात काढली. तेलकट दोर तपासले, अडकलेली दारे सोडवली, दोन मजल्यांच्या मधोमध घाबरलेल्या माणसांना वरून धीर दिला. निवृत्त झाला आणि लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत, खिडकीखालच्या टेबलाशी बसला, तो जणू तिथेच रुजला. सोबत धाकटी बहीण. लग्न दोघांनीही केले नाही. कारण विचारले तर तो म्हणे, हिच्या जिभेमुळे. ती म्हणे, ह्याच्या टेबलामुळे.

ते टेबल म्हणजे त्याचे देवघरच म्हणा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये स्क्रू, बिस्किटांच्या डब्यांत तारा, आणि मधोमध कुणी ना कुणी टाकून दिलेले एखादे यंत्र, झाकण काढून उताणे पडलेले. जी वस्तू ज्या कामासाठी जन्मली, ते काम सोडून तिच्याकडून दुसरेच काम करून घेण्याचे त्याला वेड होते. बंद पडलेल्या रेडिओकडून त्याने तळमजल्यावरच्या आजोबांना औषधाची वेळ सांगायला लावली. खेळण्यातल्या मोटारीच्या रिमोटवर खिडकीचा पडदा सरकवून दाखवला. पुढे शेजारच्या पोराने आपली गाडी मागे घेतली की यांचा पडदा आपोआप उघडू लागला, ही गोष्ट निराळी. धाकटी म्हणे, या घरात कपडे बदलायचे तर आधी शेजारच्या पोराची परवानगी काढावी लागते.

धाकटी स्वतः कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. मेणात एकेक दात रोवायचा, साचा भरायचा, आणि तयार कवळी घासत बसायचे, घासत बसायचे, बोटाला काही म्हणता काही लागेनासे होईपर्यंत. जिभेला केसाएवढा उंचवटाही डोंगर वाटतो, असे तिच्या पहिल्या मालकाने तिला शिकवले होते, आणि पस्तीस वर्षांत तिच्या हातून एकही डोंगर बाहेर गेला नव्हता. सकाळी ती कारखान्यात जाई, दुपारी घरी असे. टेबलाला हात लावायची मात्र तिला सक्त मनाई होती.

गावाच्या वाचनालयामागे एक सभागृह होते. तिथे वर्षातून एकदा या वेड्या मंडळींचा मेळा भरे. त्याला सगळे उघड्या झाकणांचा दिवस म्हणत, कारण त्या मेळ्याचा नियमच तसा होता. वस्तू पुढून कितीही देखणी असो, ती पुढून आधी दाखवायची नाही. बनवणाऱ्याने मंचावर यायचे, आपल्या हाताने स्क्रू काढायचे, झाकण उघडून वस्तूची पाठ लोकांकडे करायची. वर कॅमेरा असे आणि मागे पडदा. पोटातली एकेक तार पडद्यावर दोराएवढी दिसे. आणखी एक नियम: मेळ्याआधी आठ दिवस झाकण बंद करायचे आणि वस्तू घरच्या भिंतीवर चालू ठेवायची. मध्ये उघडायची नाही. मध्ये उघडतो तो स्वतःच्या हातावर अविश्वास दाखवतो, असे ही मंडळी मानत. ज्याचे काम परीक्षकांना सर्वांत स्वच्छ वाटे, त्याला पुढचे वर्षभर दर शनिवारी याच सभागृहात नवशिक्यांना शिकवण्याचा मान मिळे. लिफ्टदादा अकरा वर्षे या शनिवारांची वाट पाहत होता.

आणि याच वर्षी त्याचा उजवा हात थरथरू लागला.

सुरुवात पेल्यातल्या पाण्यापासून झाली. मग शर्टाची गुंडी. मग सही. त्याने कुणाला सांगितले नाही. पेला अर्धाच भरून घेऊ लागला, बिनगुंड्यांचे सदरे घालू लागला. पण एका गोष्टीवर त्याची अढळ श्रद्धा होती. तो मनाशी म्हणे, पाणी पिताना हलेल, सही करताना हलेल, पण हत्यार हाती आले की हा हात थांबतो. हत्याराची लाज राखतो. या वर्षीचे काम म्हणजे त्या श्रद्धेची परीक्षा होती, आणि हे तो जाणून होता. ते काम साधले तर हात त्याचा होता. नाही साधले, तर त्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काय उरणार होते?

काम असे होते. मोडीत निघालेल्या लिफ्टमधली, मजले दाखवणारी पितळी पाटी त्याने आणली होती. बारा मजले, बारा आकडे. तिचे त्याने घड्याळ केले. एक वाजला की पहिला मजला उजळायचा, दोनला दुसरा, आणि तास बदलताना लिफ्टचे दार उघडताना वाजते तीच टिंग घंटा वाजायची. प्रत्येक आकड्यामागे चार बारीक दिवे, प्रत्येक दिव्याला दोन टोके, प्रत्येक टोकाला वितळलेल्या कथिलाचा एक थेंब देऊन तार जोडायची. या जोडाला ही मंडळी टाका म्हणतात. एकूण टाके शहाण्णव. दीड महिना तो वाकून बसला. शेवटचा टाका दिला, वीज जोडली, आणि पाटी उजळली. त्याने आनंदाने झाकण बंद केले, भिंतीवर टांगले, मेळ्याच्या वहीत आपले नाव नोंदवले, आणि आठही दिवस दुपारची जेवणे झाली की सभागृहात खुर्च्या मांडायला जाऊ लागला. संध्याकाळी घरी येई तेव्हा घड्याळ बरोबर त्या त्या मजल्यावर असे. हात थांबतो, हे सिद्ध झाले होते.

मेळ्याच्या दिवशी धाकटी तिसऱ्या रांगेत बसली. लिफ्टदादाचे नाव पुकारले गेले. त्याने मंचावर चार स्क्रू काढले. त्याला वेळ लागला, पण लोकांना तो नाट्याचा भाग वाटला. झाकण निघाले. पाठ लोकांकडे झाली. पडद्यावर शहाण्णव टाके बशांएवढे होऊन उजळले, आणि सभागृहातून एक लांब सुस्कारा फिरला.

परीक्षकांत एक जुने घड्याळजी होते, सहसा न बोलणारे. ते खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “पंचवीस वर्षं मी इथे बसतोय. इतका स्वच्छ हात मी पाहिलेला नाही.”

टाळ्या सुरू झाल्या. लिफ्टदादा पडद्याकडे पाहत होता.

तारेला डावीकडे दोन वेढे होते, ते त्याचेच. तार वाकवण्याची तऱ्हा त्याचीच. पण टाके? त्याच्या टाक्याला वर नेहमी एक शेंडी राही. आयुष्यभर राहिली होती. इथे शेंडी नव्हती. गोल, गुळगुळीत, मोत्यासारखे शहाण्णव थेंब. त्याने बोट टेकवले. बोटाला काही म्हणता काही लागले नाही.

या जगात टाका घासून गुळगुळीत कोण करतो? तो झाकणाआड, अंधारात राहणार. त्यावर जीभ थोडीच फिरणार आहे? कारागिराचा हात ते करणार नाही, नवशिक्याचा करणार नाही. ते एकच हात करील, ज्याला खडबडीत सोडवतच नाही. त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिले. धाकटी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

ज्या माणसाने एकतीस वर्षे लिफ्ट सांभाळली, त्याच्या पायाखालचा मजला त्या क्षणी निघून गेला. धरायला दोर नव्हता. पहिला धक्का हा, की आपल्या वस्तूत दुसऱ्याचा हात शिरला. तो राग होता, आणि राग सोसता येतो. दुसरा धक्का मागून आला, हळू आला, आणि तो सोसवेना: तिने हात घातला, म्हणजे घालावा लागला. आठ दिवस ज्या उजेडाकडे पाहून तो देवाचे आभार मानत होता, तो उजेड त्याच्या हाताचा नव्हताच. हत्यार हाती आल्यावरही हात थांबला नव्हता. त्याला ते दिसलेसुद्धा नव्हते. आणि तिला दिसले होते.

ग्रंथपालबाई माइक घेऊन पुढे आल्या. यंदाचे शनिवार कुणाचे, हे आता सांगायचीही गरज नाही, असे त्या हसत म्हणाल्या आणि माइक त्याच्यापुढे धरला. दोन शब्द बोलायचे आणि खाली उतरायचे, एवढेच उरले होते. अकरा वर्षे ज्याची वाट पाहिली, ते हातभर अंतरावर उभे होते. तिसऱ्या रांगेतून धाकटीने मान हलवली. नको. इतकीशी हलवली, पण त्याला ती दिसली.

त्याने घड्याळ बाजूला सरकवले आणि कॅमेऱ्याखाली आपला उजवा हात ठेवला.

पडद्यावर दाराएवढा हात थरथरू लागला. मागे दोघेतिघे हसले. त्यांना ही गंमत वाटली. मग हसणे विरले. तो मोठा हात हलतच राहिला, बोटे हलत राहिली, नखे हलत राहिली, आणि तीनशे माणसांना कुठे पाहावे ते कळेना.

“हा माझा हात आहे,” लिफ्टदादा म्हणाला. “ते टाके याचे नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीचे आहेत. मलाही आत्ताच कळलं.”

कुणीतरी फसवणूक असा शब्द उच्चारला. धाकटी उठून उभी राहिली.  ती एवढेच म्हणाली, “दादा, घरी चल.”

पण घड्याळजींनी तिला थांबवून अगदी मायेने विचारले, आणि तिला उभ्या उभ्या सांगावे लागले. तिसऱ्या दुपारी घड्याळ दोन आणि तीनच्या मध्ये मेले होते. तिने झाकण उघडले तर बहुतेक टाके धरलेलेच नव्हते. कथील तारेवर नुसते बसले होते, मोहरीसारखे. नियम तिला ठाऊक होता. पण संध्याकाळी तो घरी येणार, आणि मेलेले घड्याळ पाहणार, हेही ठाऊक होते. त्या दुपारी तिने घड्याळ चालू होण्यापुरते जोडले. पुढच्या तीन दुपारी बाकीचे. वेढे मुद्दाम त्याच्यासारखे घातले, डावीकडून दोन. शेंडीही ठेवायची होती. ठेवली होती. पण शेंडी बोटाला टोचायची, आणि मग तिला झोप येईना. कोण बघणार आहे, असे स्वतःला समजावूनही येईना. शेवटच्या दुपारी तिने कवळीला पॉलिश करायची कानस आणली आणि सगळे घासून टाकले.

हे काम शिकवले कुणी, असे घड्याळजींनी विचारले.

“टेबलाला हात लावायची बंदी होती,” ती म्हणाली. “बघायला नव्हती.”

कुणी हसले नाही. वहीत नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, तेव्हा वस्तू स्पर्धेतून बाद, हा नियम घड्याळजींना वाचावा लागला. त्यांनी तो उभे राहून वाचला. शनिवार दुसऱ्या एका स्पर्धकाला, सायकली दुरुस्त करणाऱ्याला गेले, आणि त्याने ते खाली मान घालून घेतले.

सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर दोघे बसले. मांडीवर घड्याळ, झाकण अजून उघडेच. आत टाळ्या वाजत होत्या, दुसऱ्या कुणासाठी.  धाकटी थेट अंगावरच आली.

“पाच दुपारी पाठ मोडली माझी, ती तू भर सभेत उधळायला?”

तो म्हणाला, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, काय सांगू, तुझा हात गेला असं सांगू? कुठल्या तोंडाने सांगू? असे म्हणत तिने पर्समधून रुमाल काढून त्याचा नव्हे, स्वतःचा उजवा हात पुसला, जणू गुन्हा तिथेच लागला होता.

त्याने विचारले, “सगळे बदललेस?”

“चार ठेवले.”

“दया म्हणून?”

“दया कसली. पक्के होते ते. उगाच कशाला काढू?” मग जरा ओशाळून म्हणाली, “घासले मात्र तेही.”

लिफ्टदादाने घड्याळ उजेडाकडे वळवले. वाकून तो एकेका टाक्यावर बोट टेकवत गेला. पहिल्या मजल्यावरचा एक त्याने ओळखला. तिने मान डोलावली. तिसऱ्यावरचा ओळखला. अकराव्यावर एक. चौथ्या टाक्यासाठी तो पुन्हा खालून वर गेला आणि वरून खाली आला. अखेर नवव्या मजल्यावर त्याचे थरथरते बोट टेकले.

“हा,” तो म्हणाला.

आज सकाळपर्यंत ती हो म्हणाली असती. त्या तिसऱ्या दुपारपासून ती तेच करत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग टाक्याकडे पाहिले.

“नाही,” ती म्हणाली. “हा माझा. तुझा त्याच्या शेजारचा.”

आणि हलणारे ते बोट आपल्या हाताने धरून तिने एका टाक्याएवढे उजवीकडे नेले.