मावशीची शिशी आणि छपरावरचे फलक

अन्याय झाला तो आमच्या मावशीवर. कधी, तर वैशाखात, दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी सव्वासात वाजता. त्या वेळी तिनं गाडीतला छोटा फ्रिज उघडला, इन्सुलिनची शिशी हातात घेतली, आणि शिशी कोमट लागली. फ्रिज रात्रीच कधीतरी बंद पडला होता. अन्याय कोणी केला हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. मिस्त्रीनं.

मावशी माझी सख्खी नाही. अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई, सगळ्या तालुक्याची मावशी. कामावरच्या मजूर बायांना सावली आणि प्यायचं पाणी मिळालं पाहिजे, एवढी आमची मागणी. ती घेऊन गावोगाव फिरायचं म्हणून आम्ही एक जुनी स्कूलबस घेतली आणि तिचं घर केलं. दोन बाकांचे पलंग, एक शेगडी, पंखा, भोंगा आणि फ्रिज. गाडी मी चालवते. बायांशी बोलते मावशी, कारण माझं ऐकून बाया आधी घाबरतात.

मावशीची अट एकच होती. "माही शिशी थंडी राह्यली पाह्यजे. नाई तं मी आपली घरी बरी."

म्हणून सोलर. यवतमाळच्या दुकानात दोन प्रकारची पॅनल दाखवली. एक वाकणारं, पातळ, सरळ पत्र्यावर चिकटवायचं. दुसरं काचेचं, ॲल्युमिनियमच्या चौकटीतलं, वजनदार. मला पातळ आवडलं. गाडी आधुनिक दिसली असती. बोरी अरबचा मिस्त्री सोबत होता. शेतातले सौरपंप बसवण्यात त्याची निम्मी हयात गेलेली. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"हे चिकटवलं तं पापडावानी भाजन, ताई. आपल्याकडचं ऊन हाय हे. पॅनलले ऊन पाह्यजे, पण खालून हवा बी पाह्यजे. तापलं का करंट कमी."

घेतली काचेची, दोन, आणि रात्रीसाठी एक बॅटरी. बसवायला त्यानं अख्खा दिवस लावला. आधी छपरावर बसून बोटानं पत्रा ठोकत गेला. जिथे आवाज भरीव आला तिथे खडूनं फुली मारली, कारण खाली बसचा सांगाडा तिथे होता. नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला तर वाऱ्यात पॅनल पत्र्यासकट उडेल, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक बोल्टखाली रबराचं वायसर, वरून सीलंट. पॅनलखाली चार बोटं मोकळी जागा. काम इतकं नेटकं की मी फोटो काढले.

फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजलं. छपराच्या दोन्ही कडांना आमचे फलक होते. लोखंडी चौकटीतले, अडीच फूट उंच, पुढपासून मागपर्यंत. अक्षरं मी स्वतः रंगवलेली. पॅनल त्या दोघांच्या मधे बसणार होती.

"हे बोर्ड काढा," मिस्त्री म्हणाला.

"फलक निघणार नाहीत. ती आमची ओळख आहे."

"मंग भर दुपारचंच ऊन भेटन तुमाले. सकाळी इकडचा बोर्ड आडवा, संध्याकाळी तिकडचा."

मला वाटलं, याला मागणी पटत नाही म्हणून फलक खुपतोय. पत्रकं वाटणाऱ्या माणसाला ही सवयच लागते. समोरचा पान्याबद्दल बोलला तरी त्यात विरोध ऐकू येतो. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. त्यानं केलं.

आठच दिवसांत ती कोमट शिशी निघाली. मावशी गेले चार दिवस साखर वाढलेली पाहत होती आणि आंब्याला दोष देत होती. डॉक्टर म्हणाले, ही शिशी फेका. नवी घेतली, ती मेडिकलवाल्याच्याच फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली. मावशीनं पिशवी भरायला घेतली. रागावली नव्हती. साड्यांच्या घड्या घालत होती, आणि तेच मला बघवेना.

मी मिस्त्रीला फोन लावला. "ही सरळसरळ जनतेची फसवणूक आहे!"

"जनता कुठं आली त्यात? दोन पॅनल तं हायत," तो म्हणाला. "येतो मी."

रागारागात मी पत्रकाचा मसुदाही लिहून काढला. मावशीनं तो वाचला, चष्मा काढला.

"अक्षर चांगलं हाय. आधी वर चढून पाह्यलं का तुनं?"

नव्हतं पाहिलं. काढलेले फोटोसुद्धा दुपारी बाराचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मिस्त्री मोटरसायकलवर आला. त्यानं मला छपरावर बसवलं आणि हातात मीटर दिलं. पूर्वेच्या फलकाची सावली एका पॅनलवर सपाट पडली होती. दुसरं उन्हात चकाकत होतं, तरी मीटरवर करंटचा आकडा दीड अँपिअरच्या वर जाईना.

"एकावर तर ऊन आहे ना?" मी विचारलं.

"दोनी एका माळेत हायत. जोडीतला एक बैल बसला तं दुसरा का गाडी ओढन? दुपारच्या तेवढ्या उन्हात बॅटरी अर्धीच भरते, मंग रातच्याले फ्रिज बंद."

त्यानं फलकाचे बोल्ट ढिले केले, आम्ही दोघांनी फलक बाहेरच्या बाजूला आडवा केला. आकडा सहाच्या वर गेला. पॅनल तीच, मिस्त्री तोच.

खालून मावशीचा आवाज आला. "काय म्हणते वं मशीन?"

"मावशी, चूक माझी होती."

"ते मले मालूम हाय. मशीन काय म्हणते?"

"सहा."

"मंग बरं हाय."

मी मिस्त्रीची माफी मागायला लागले. चांगली तीन वाक्यं झाली असतील. "माफी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "तेरा नंबरचा पाना द्या." दुपारपर्यंत दोन्ही फलक खाली होते. मागणी आता बसच्या अंगावर रंगवली आहे, खिडक्यांच्या खाली. तिथे ती रस्त्यावरच्या बाईला वरच्यापेक्षा नीट वाचता येते, हेही मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

मावशीनं पिशवी लगेच सोडली नाही. तीन सकाळी ती फ्रिजमध्ये वाटीभर पाणी ठेवून बोट बुडवून बघत राहिली. चौथ्या दिवशी मेडिकलमधून शिशी आणली आणि म्हणाली, "चाल, केळापूरकडं जायचं होतं ना?"

आता तुम्ही. तुमच्या गाडीवर, घरावर, गोठ्यावर सोलर असेल तर उद्या सकाळी नऊला वर चढा आणि संध्याकाळी चारला पुन्हा चढा. कशाचीही सावली पॅनलवर पडत असेल, झेंडा, टाकी, डिश, तुमच्या नावाची पाटी, ती काढा. कुणाचं औषध त्या करंटवर आहे हे आधी विचारा, आणि काढायला सांगणाऱ्या माणसाशी वाद घालू नका. पाना द्या त्याला.