नऊ पाकळ्यांची नऊ फुलं

तीळ-गूळ आणायला भर जानेवारीत मिसिसिपी ओलांडणाऱ्याला लोक वेडाच म्हणतील. पण तीळ हे निमित्त होतं. १९८४ साल. लग्न होऊन शोभा नागपूरहून आयोवातल्या माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावात आली होती ती थेट आधीच्या डिसेंबरात. इथे पाचच्या आत अंधार. "मी मार्चमध्ये परत जाते," ती एकदा शांतपणे म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं. म्हटलं, आधी शिकागो तरी दाखवू.

लॅबमधला चेन सोबत आला. तो बीजिंगचा, आणि त्याची मावशी शिकागोच्या चायनाटाउनमध्ये राहायची. इंटरस्टेट ८० हा उन्हाळ्यात चार तासांचा रस्ता, हिवाळ्यात सहा धरा. गाडीत ब्लँकेट आणि फावडं हवंच. आमच्या खटाऱ्याचा हीटर फक्त ड्रायव्हरच्या पायांवर मेहेरबान होता. गोठलेली नदी बघून शोभा "बाप्पा" एवढंच म्हणाली.

शिकागोत देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंगसाठी अर्धा तास घिरट्या घातल्या. तीळ मिळाले, गूळ मिळाला, चार-पाच डॉलरांत पोटभर जेवण झालं. दुकानासमोरचा बर्फ उपसणाऱ्या गुजराती काकांना शोभाने हिंदीत विचारलं, थंडी कधी जाते? "एप्रिल में," ते म्हणाले, "कभी कभी मई." तिने कोटाची वरची गुंडी लावली आणि आम्ही चायनाटाउनकडे निघालो.

मावशींनी गरम वाफवलेले, कोबी भरलेले डम्पलिंग पुढे ठेवले. शोभाने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि इंग्रजीत सांगितलं की आज आमचा सण, आजपासून थंडी ओसरते. मावशी हसू लागल्या.

"ओसरते? आत्ता तर तिसरा नऊ चालू आहे. सगळ्यात कडक."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. सगळ्यात लहान दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजायचे, ते संपले की थंडी संपली. पाचव्या-सहाव्यात नदीकाठची झाडं पालवू लागतात, नवव्यात बैल शेतात उतरतात. भिंतीवर शाईने काढलेली एक फांदी होती. तिला नऊ फुलं, प्रत्येकाला नऊ पाकळ्या. रोज एक रंगवायची. तसंच दुसरं चित्र त्यांनी शोभाला दिलं.

"पण मागचे दिवस तर गेले," शोभा म्हणाली.

"गेले कुठे? तू काढलेस ना? मग रंगव."

ती तिथेच लाल रंग घेऊन बसली. दोन फुलं भरली, तिसरंही निम्म्यापुढे गेलं. "अहो, एवढे तर काढले मी," ती मराठीत म्हणाली आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली. मला इतकं बरं वाटलं की मी चार डम्पलिंग जास्त खाल्ले.

घरी येऊन चित्र फ्रीजवर लावलं. ठरलं असं, की शेवटची पाकळी रंगेपर्यंत तिकिटाचा विषय काढायचा नाही. हिवाळ्यात या रस्त्याने जाणार असाल तर खुशाल जा. आमचे तीळ महिन्यात संपले, चित्र अजून जपून ठेवलंय.

शेवटची पाकळी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रंगली आणि बाहेर गुडघाभर बर्फ. मावशींचं गणित बीजिंगचं, आयोवाला कुणी विचारलंच नव्हतं. आता तिकिटाचा विषय निघणार होता. शोभाने खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं. मग तिने पेन्सिल घेतली आणि फांदीच्या टोकाला दहावं फूल काढलं.

"हे आपल्या गावचं," ती म्हणाली.

तोवर तिच्या तोंडी ते कायम "तुमचं गाव" होतं.