तिसऱ्या पायरीचा काथ्याकूट

दर गुरुवारी संध्याकाळी सुतार गुळगुळीत दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर अक्कल पाजळायला जायचा. हे शब्द त्याच्या बायकोचे. ज्यूंच्या त्या प्रार्थनास्थळात त्यांच्या जुन्या धर्मग्रंथांचा अभ्यासवर्ग चाले. एरवी लग्नाला नाहीतर मयतीलाच तिकडे फिरकणारा हा माणूस पन्नाशीनंतर विद्वान व्हायला निघाला, तेव्हा घरात सगळ्यांनाच हसू फुटलं होतं. पण पठ्ठ्याने सहा वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही.

वर्गाची रीत अशी, की जोडीजोडीने बसायचं. एकाने ओळ वाचून अर्थ लावायचा, दुसऱ्याने आक्षेप घ्यायचा. घ्यायचाच! नुसती मान डोलावली तर तो जोडीदाराचा अपमान. सुताराच्या वाट्याला आला होता वकील, आणि वकील तर कोर्टात उरलेले आक्षेपही घेऊन यायचा. सहा वर्षांत सुताराचं एक विधान टिकलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा आपण बोलावं आणि सगळ्यांची बोलती बंद व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती.

त्या महिन्यात खड्ड्याचं प्रकरण आलं. भर रस्त्यात कुणी खड्डा खणला आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला, तर जबाबदार कोण? जन्मात बैलाच्या शेपटीला हात न लावलेले बारा जण दोन आठवडे त्या बैलावरून भांडले. वर्ग घेणाऱ्या बाई लेकीकडे गेल्या होत्या, त्यामुळे आवरायलाही कुणी नव्हतं. नेमकी तेव्हाच जिन्याची तिसरी पायरी निखळली.

"अरे वा!" वकील ओरडला. "हा आपला खड्डा! आजच्या काळातला!"

झालं! जबाबदार कोण? जिना करणारा, सिनेगॉगची कमिटी, की बघूनही पुढे जाणारा? नुसता काथ्याकूट. शेवटी ठरलं, बाई परत येतील त्या गुरुवारी यावर सुताराने बोलायचं. तोवर पायरीला हात लावायचा नाही. उदाहरण आहे ते! मग सगळे मोठ्या ऐटीत ती पायरी ओलांडून ये-जा करू लागले.

बायकोने हे ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, सुतार ना तुम्ही? दोन खिळे ठोका की!"

"ठोकीन. शुक्रवारी सकाळी."

"आणि त्याआधी कुणी पडलं तर?"

"तोच तर मुद्दा आहे," तो खुशीत म्हणाला. "तुला त्यातलं कळायचं नाही."

दुकानात रंधा बाजूला सारून त्याने नऊ मुद्दे लिहून काढले. दोष खणणाऱ्याचा, येणाऱ्या-जाणाऱ्याचा नाही. आधार अगदी बिनतोड. आता वकील बसणार हात चोळत!

गुरुवारी बारा जण पायरी ओलांडून वर गेले. बाई मागून येत होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं. सत्तरीच्या बाई, दोन्ही हातांत पुस्तकं. तिसऱ्या पायरीवर फळी फिरली आणि बाई खाली कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं.

पुढच्या गुरुवारी बाईंच्या हट्टापायी वर्ग हॉस्पिटलात भरला. बारा विद्वान खाटेभोवती उभे, आणि बघावं कुठे हे एकालाही कळेना.

"तुमची पाळी राहिली ना?" बाई सुताराला म्हणाल्या. "बोला."

त्याने कागद उघडला. पहिला मुद्दा डोळ्यांसमोर होता. कागद त्याने खिशात कोंबला.

"पायरी मला दिसली होती," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम होतं. केलं नाही, कारण मला जिंकायचं होतं. तुमचं हाड मी मोडलं, बाई."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाचा आक्षेप?"

सुताराने वकिलाकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला आक्षेप हवा होता. एकट्याचा कसा दोष, आम्हीही होतो की, एवढं तरी कुणी म्हणावं म्हणून त्याचा जीव तुटत होता. वकील खिडकीबाहेर बघत राहिला. उरलेले दहा आपापल्या बुटांकडे. बाईंनी पुन्हा विचारलं.

कुणाचाच आक्षेप नव्हता.